शेजारच्या कारखान्याला स्पेंट ॲसिड देताय? आधी हा हिशेब मांडा

तुमच्या प्लॉटमधून निघणारे गंधकाम्लयुक्त स्पेंट ॲसिड फेरस सल्फेट बनवणाऱ्या शेजाऱ्याला कच्चा माल म्हणून चालते. देणाऱ्याचा कचरा कमी होतो, घेणाऱ्याचे नवे ॲसिड वाचते. पण ‘फुकट घेऊन जातो’ एवढ्या बोलीवर व्यवहार ठरवू नका.

आज किती पैसे जातात?

दहा टनांचा टँकर आणि वीस टक्क्यांचे ॲसिड धरा. त्यात खरे ॲसिड दोन टन, बाकी बहुतेक पाणी. ते चुन्याने मारायचे तर शुद्ध हायड्रेटेड चुना सुमारे दीड टन लागतो आणि कोरडे जिप्सम साधारण साडेतीन टन तयार होते. गाळात निम्मे पाणी राहिले तर वजन सात टनांवर जाते. हा गाळ तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचरा केंद्राकडे पैसे भरून पाठवावा लागतो.

खालचे दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत. त्यांच्या जागी स्वतःच्या कोटेशनचे आकडे घाला, जीएसटी वेगळा.

- चुना, किलोला ८ रुपये: १२,००० रुपये
- गाळाची वाहतूक व विल्हेवाट, टनाला ३,००० रुपये: २१,००० रुपये
- एका टँकरमागे एकूण: ३३,००० रुपये

शेजाऱ्याला दिले तर?

- त्याच वसाहतीतली टँकरची खेप: ४,००० रुपये
- प्रत्येक खेपेची लॅब तपासणी: २,००० रुपये
- घेणाऱ्याचे शुल्क, टनाला ८०० रुपये: ८,००० रुपये
- एकूण: १४,००० रुपये

टँकरमागे १९,००० वाचले. महिन्याला दोन टँकर निघत असतील तर ३८,००० रुपये. साठवण टाकी, तिच्याभोवतीचा बांध, पंप आणि परवानगीची कागदपत्रे यांना सहा लाख लागले, तर ते साधारण सोळा महिन्यांत वसूल होतात.

आता घेणारा दीडशे किलोमीटरवर आहे असे समजा. भाडे १५,००० झाले की बचत टँकरमागे ८,००० उरते आणि वसुली सदतीस महिन्यांच्या पुढे जाते. भाडे पूर्ण टँकरचे, त्यातला बहुतेक माल मात्र पाणी. म्हणून पातळ ॲसिडाला गिऱ्हाईक जवळचेच हवे.

कागदपत्रे कुणाची?

घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार असा कचरा वापरण्यासाठी घेणाऱ्याकडे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र हवे. ते केंद्रीय मंडळाच्या ठरलेल्या कार्यपद्धतीवर मिळते. त्या वापराची कार्यपद्धतीच नसेल तर आधी चाचणी-उत्पादन करून केंद्रीय मंडळाची मंजुरी घ्यावी लागते. तो वेळही खर्चात धरा. अधिकारपत्राची प्रत मागा. त्यात तुमच्याच कचऱ्याचा प्रकार आहे का, वर्षाला किती टनांची मुभा आहे आणि मुदत कधी संपते, ते वाचा.

प्रत्येक खेपेला फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट लागतो. वाहतुकीची जबाबदारी देणाऱ्याची की घेणाऱ्याची, हे करारातच लिहा.

चूक झाली तर?

केंद्रीय मंडळाच्या पर्यावरण भरपाईच्या सूत्रात लाल गटासाठी ८० गुण, २५० रुपयांचा दर आणि लघुउद्योगासाठी ०.५ हा गुणक आहे. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात स्थानाचा गुणक १. म्हणजे ८० × २५० × ०.५ = दिवसाला १०,००० रुपये. चारच दिवसांत महिन्याची बचत संपली.

शेजारी बंद पडला तर?

कचरा आवारात ठेवायची मर्यादा सामान्यतः ९० दिवसांची. महिन्याला वीस टन निघत असतील तर तीन महिन्यांचे साठ टन होतात. एवढी टाकी सहा लाखांत बसते का, ते आधी विचारा. जुनी चुन्याची व्यवस्था मोडीत काढू नका.

करारात हे असू द्या

- ॲसिडचे किमान प्रमाण आणि धातू, सेंद्रिय द्रव्ये यांची कमाल मर्यादा. नमुना कुणी, कुठे काढायचा
- खेप परत आली तर भाडे कुणाचे
- महिन्याला किमान किती टन उचलणार
- बंदची पूर्वसूचना किमान किती दिवस आधी

वाफेची देवाणघेवाण करणाऱ्यांनीही असाच हिशेब करावा. तिथे पाइपलाइन, तिचे इन्सुलेशन, रस्ता ओलांडायला एमआयडीसीची परवानगी आणि बाष्पके संचालनालयाची तपासणी ही खर्चाची कलमे वाढतात.

शेवटी दोन आकडे शेजारी ठेवा: वसुलीचे महिने आणि कराराचे महिने. वसुली सोळा महिन्यांची आणि करार बाराचा असेल, तर दर कितीही गोड असला तरी सही करू नका. मुदत वाढवून घ्या, नाहीतर टाकीच्या खर्चात शेजाऱ्याचा वाटा मागा.