शास्त्राची वही

कर्जत

चि. भाचीस,


तुझे पत्र पोचले. बारावी झाल्यावर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत हाच मुख्य विषय घेऊन पदवीस बसावयाचे, हा तुझा मनोदय वाचून मला अतिशय समाधान झाले; परंतु त्याच पत्रात, "गाण्याची मला धास्ती नाही, शास्त्र मात्र मार्गदर्शक पुस्तकावरून पाठ करून निभावून नेईन," असे जे तू सहज लिहून गेलीस, त्याला माझी हरकत आहे, आणि हे पत्र त्या हरकतीपुरतेच आहे.

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि त्यांच्या पश्चात शिष्यांनी जे मंडळ उभारले, त्याच्या मध्यमा-विशारदाच्या परीक्षांमुळे कर्जत-खालापूरसारख्या, थोर गवयांच्या सहवासापासून दूर राहिलेल्या मुलुखातील मुलामुलींसही अभ्यासाचा निश्चित क्रम मिळाला, हे उपकार लहान नव्हेत. तथापि परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात व्याख्या घोकावयाच्या आणि निकाल लागताच विसरावयाच्या, असा जो शिरस्ता पडून गेला आहे, तो पदवीच्या अभ्यासात तुला पुरा पडणार नाही. खोपोलीच्या गाडीत केळवली-डोलवलीच्या दरम्यान पाठांतर उत्तम होते, हे मला मान्य आहे; स्वरज्ञान मात्र तेथे होत नाही.

मारव्याचेच पाहा. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, बाकीचे स्वर शुद्ध आणि पंचम वर्ज्य. स्वर तेच असता राग तीन कसे, याचे उत्तर पुस्तकात वादी-संवादींच्या भेदाने दिलेले असते, ते तुला मुखोद्गत आहेच. आता वादी आणि संवादी यांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असावे, म्हणजे त्यांचा परस्परांशी मध्यमाचा किंवा पंचमाचा भाव जुळावा, असा जो नियम त्याच पुस्तकात मागल्या प्रकरणात दिला आहे, तो तानपुरा घेऊन पडताळून पाहा. पूरियातील वादी गांधारास षड्ज मानून संवादी निषाद लाव. पंचमभाव तत्काळ उभा राहील. मारव्यातील वादी कोमल ऋषभास षड्ज मानून संवादी धैवत लाव. तो जुळणार नाही, कारण कोमल ऋषभाचा पंचम म्हणजे कोमल धैवत, आणि त्याला तर मारव्यात स्थानच नाही. मग नियम सदोष, की मारव्याचा वादी मुक्रर करण्यात काही वेगळा विचार झाला? शास्त्राचा अभ्यास येथून सुरू होतो. ज्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही, त्याने व्याख्या कितीही अचूक लिहिली तरी त्याचे ज्ञान दुसऱ्याच्या दाखल्यावर चाललेले असते.

असे प्रश्न विचारावयास कोणी शिकविले म्हणशील, तर पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी. पेशाने ते वकील. देशभर हिंडून त्यांनी गवयांकडून चिजा मिळविल्या, जुने संस्कृत ग्रंथ धुंडाळले, आणि १९१० पासून 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा ग्रंथ चार भागांत लिहिला, तो आपल्या मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने. शिष्य शंका काढतो, गुरू पुरावा देतो; हे जाबसाल तू मुळातूनच वाच. दहा थाटांची व्यवस्था ही अनादि नसून एका चिकित्सक पुरुषाने लावलेली आहे हे तुला त्यात दिसेल, आणि ज्या भूपात मध्यमच नाही त्याची गणना कल्याण थाटात का व्हावी, याचा विचार तू आपल्या बुद्धीने करू लागशील.

श्रुतींचा अध्याय तर पुस्तक मिटून, तानपुऱ्यापाशी बसूनच करावयाचा आहे. षड्जाच्या चार, ऋषभाच्या तीन, गांधाराच्या दोन, हा तपशील तू म्हणून दाखवितेस. पण खर्जाची तार नीट मिळवून, जवारी उघडेपर्यंत तारेखालचा दोरा हलके हलके सरकवून पाहा, आणि मग शांतपणे तार छेड. थोड्या वेळाने तीतून गांधार आपोआप ऐकू येऊ लागेल, कारण तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचे कंपन तिच्याच पोटात असते. त्या गांधाराशी आपला आवाज मिळव आणि लगेच पेटीचा गांधार वाजव. पेटीचा किंचित चढा लागेल. ही जी सूक्ष्म तफावत तुझ्या कानाने प्रथम पकडली जाईल, तिच्यानंतर बावीस श्रुतींचा विषय तुला कधीही नीरस वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

आणखी एक तजवीज कर. खालापुराकडील डोंगरउतारावर ज्या ठाकरवाड्या आणि कातकरवाड्या आहेत, तेथे लग्नसराईत बायका गातात, त्यांच्या अनुमतीने ते गाणे ऐकून भातखंडे लिपीत उतरव, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ चुकू न देता. मोजक्या स्वरांत ही गाणी किती फिरतात हे ध्यानात येईल. ऐकलेले कागदावर आणि कागदावरचे गळ्यात आणण्याची सवय पुण्यास जाण्याआधी अंगी बाणली, तर तेथील पहिले वर्ष तुला जड जाणार नाही.

दर रविवारी सकाळच्या गाडीने कर्जतला येत जा. येताना शास्त्राची वही आण, आणि मारव्याच्या वादीविषयी तुझे स्वतःचे मत, चूक असो वा बरोबर, एका पृष्ठात लिहून आण. भातखंड्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग मी काढून ठेवला आहे. ताईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा