घरच्या झाडांची छाटणी आणि ती करणारा माणूस

तामिळनाडूतील कुंभकोणम् शहराच्या पूर्वेस सुमारे सहा किलोमीटरांवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. राहूचे क्षेत्र म्हणून नागनाथस्वामींच्या आणि वैष्णवांचे दिव्यक्षेत्र म्हणून उप्पिलियप्पनच्या दर्शनास येथे वर्षभर यात्रेकरू येत असतात. देवळांभोवतीच्या रस्त्यांमागे असलेली परसे मात्र त्यांच्या दृष्टीस सहसा पडत नाहीत. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील जुनी घरे रस्त्याच्या बाजूने अरुंद आणि मागे लांबवर गेलेली असतात. ओसरी, चौक व स्वयंपाकघर ओलांडले म्हणजे विहीर लागते. विहिरीच्या आसपास केळी, शेवगा, एखादा कडुनिंब वा आंबा आणि दोनचार माड. वाळलेली झावळी कौलांवर कोसळू लागली किंवा ऐन पावसाळ्यात आंब्याची फांदी भिंतीवर टेकली की घरमालकाला माणूस शोधावा लागतो.

हा माणूस मिळणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. कोकणात व गोव्यात ज्याला पाडेली म्हणतात, त्याचे काम येथेही पिढीजात होते. पायांत दोराचा फास आणि कमरेला कोयता एवढ्या साधनांनिशी तो पंधरा-वीस मीटर उंच जात असे. तामिळनाडूत 1987 साली ताडीवर बंदी आली आणि ताडी काढणाऱ्यांचा रोजगार गेला. उरलेल्यांची मुले शाळेत गेली व दुसऱ्या उद्योगांना लागली. याबद्दल खेद करणाऱ्या घरमालकाने स्वतःचा मुलगा या कामास पाठविला असता काय, हा प्रश्न त्याला विचारता येईल. पडून पाठीचा कणा मोडलेल्या माणसाच्या कुटुंबाला पूर्वी कोणतेही साहाय्य मिळत नसे. 1981 साली स्थापन झालेल्या नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये माडावर चढणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची योजना हाती घेतली. या कामगारांसाठी 'केरा सुरक्षा' नावाची विमा योजनाही आहे. प्रशिक्षणात कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील जोसेफ यांनी तयार केलेल्या चढण्याच्या यंत्राचा उपयोग केला जातो. त्याचे दोन भाग तारेच्या दोराने खोडास वेढलेले असतात. एका भागावर भार देऊन दुसरा वर सरकवायचा आणि मग पहिला, अशा रीतीने उभ्यानेच चढता येते.

माणूस आला म्हणजे घरमालक बहुधा एकच वाक्य उच्चारतो, 'वर सगळे साफ करून टाक.' या वाक्यामुळे पुष्कळ माडांचे नुकसान झाले आहे. माड हे आंब्यासारखे झाड नव्हे. त्याला फांद्या नसतात. वाढीचा कोंब एकच, आणि तो शेंड्याच्या गाभ्यात असतो. तो मेला की माड मेला. निरोगी उंच माडाच्या शेंड्यावर साधारणपणे तीस ते पस्तीस झावळ्या असतात. महिन्याला सुमारे एक नवी झावळी बाहेर पडते आणि जवळजवळ प्रत्येक झावळीच्या बगलेतून एक पोय निघते. त्या पोयीवर धरलेला नारळ पक्व होण्यास अकरा ते बारा महिने लागतात, आणि तोवर जड होत जाणाऱ्या घडाला खालच्या झावळीच्या देठाचा आधार असतो. हिरवी झावळी तोडल्याने अन्न तयार करणारे पान जाते, घडाचा टेकू जातो आणि शिवाय ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा ओढला जातो. ही कीड खोडात अंडी घालते. आतून पोखरलेला माड बाहेरून बराच काळ निरोगी दिसतो. अगदीच अडचण होऊन हिरवी झावळी तोडावी लागली, तर देठाचा सुमारे 120 सेंटिमीटर भाग खोडाला ठेवावा म्हणजे कीड खोडापर्यंत पोहोचत नाही.

तेव्हा साफसफाई म्हणजे वाळलेल्या झावळ्या, सुकलेल्या पोयी व बगलांत अडकलेला कचरा काढणे, एवढीच होय. वर गेलेल्या माणसाकडून याहून अधिक मोलाचे काम करवून घेता येते, ते पाहणीचे. उलगडलेल्या झावळीला कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी खंड पडलेले असतील तर गेंड्या भुंग्याने कोंब कुरतडला, असे समजावे. अशा वेळी वरच्या बगलांत निंबोळी पेंड व वाळू यांचे मिश्रण भरतात. मधली कोवळी झावळी निस्तेज होऊन ओढताच हातात येत असेल तर कोंब कुजू लागला आहे. जमिनीवरून यातले काहीच दिसत नाही.

बुंध्याची पाहणी मात्र चढण्यापूर्वीच व्हावयास हवी, आणि या जिल्ह्यात तिला विशेष अर्थ आहे. माडाच्या एका रोगाला तंजावरचेच नाव मिळाले आहे. 1952 च्या वादळानंतर तंजावर जिल्ह्याच्या किनारी भागात त्याची प्रथम नोंद झाली. गॅनोडर्मा नावाची बुरशी मुळांतून शिरते, मुळे कुजतात आणि बुंध्यातून तांबूस तपकिरी द्रव पाझरू लागतो. असा माड वाऱ्याने सहज उन्मळतो. त्यावर माणूस चढविणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. जेथे चढण्याच्या सोयीसाठी खोडावर खाचा पाडतात तेथेही विचार करावा लागतो. माडाच्या खोडात आंब्याच्या सालीखाली असतो तसा वाढीचा थर नसल्यामुळे खाच कधीच भरून येत नाही आणि रोगाला कायमचे दार उघडे राहते. दोर किंवा यंत्र वापरणारा माणूस थोडे अधिक मागत असला तरी तोच पसंत करावा.

16 नोव्हेंबर 2018 रोजी 'गज' चक्रीवादळ वेदारण्यम्‌जवळ किनाऱ्यावर आले. तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पट्टुकोट्टै व पेरावुरणीच्या बाजूस, माडांच्या बागा आडव्या झाल्या. अशा आघातानंतर शेंड्यावर चारसहा झावळ्या ठेवून बाकी छाटण्याची कल्पना लोकांना सुचणे स्वाभाविक आहे. वारंवार चक्रीवादळे येणाऱ्या फ्लॉरिडातही ही चाल आहे. परंतु तेथील वृक्षतज्ज्ञ तिचा निषेधच करतात. खालच्या झावळ्या गेल्या की कोवळा गाभा उघडा पडतो आणि उपासमारीने पुढे येणारे खोड बारीक होते.

परसातील कडुनिंब व आंबा यांची गोष्ट वेगळी. फांदी खोडाला सपाट घासून कापावी व वर डांबर फासावे, अशी समजूत सर्वत्र होती. अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि झाड जखम भरून काढीत नाही, तर कुजलेला भाग आतून भिंती घालून वेगळा पाडते, हे 1977 सालच्या पुस्तिकेत मांडले. फांदीच्या बुडाशी किंचित फुगीर कडा असतो, त्यात ही संरक्षक यंत्रणा असते. म्हणून काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा. तो कडा कापू नये आणि खुंटही ठेवू नये. डांबराचा उपयोग नाही. जड फांदी एका घावात तोडली तर ती पडताना खोडाची साल सोलून नेते. त्यासाठी खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून काप देऊन फांदी उतरवितात आणि उरलेला तुकडा शेवटी कड्याजवळ कापतात. हे न सांगता करणारा माणूस दिसला की त्याला पुन्हा बोलवावे. शेंडाच छाटून झाड ठेंगणे करून देतो असे म्हणणाऱ्याला परत पाठविलेले बरे. छाटलेल्या टोकांतून फुटणारे धुमारे कच्चे जोडलेले असतात, आणि काही वर्षांनी तेच छपरावर येतात.

बोलणे ठरताना मजुरीच्या आधी काही गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. विमा आहे काय, खाली उभा राहणारा दुसरा माणूस कोण, फांद्या टाकायच्या कोठे. पाऊस पडून गेल्यावर ओल्या खोडावर कोणासही चढावयास लावू नये. शेंड्यात गांधीलमाश्यांचे पोळे आहे काय, हे खालून निरखून पाहावे, कारण पोळे उठले असता वरच्या माणसाला पळावयास जागा नसते. विजेची तार झाडाजवळून जात असेल तर वीजमंडळाला कळवून प्रवाह बंद झाल्याशिवाय कोयता उचलू नये. महाराष्ट्रातील नागरी भागांत 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि मोठ्या छाटणीपूर्वीही त्याच्याकडे चौकशी करणे श्रेयस्कर ठरते. तामिळनाडूत स्थानिक पंचायतीकडे विचारणा करावी.

मजुरी ठरविण्याची जुनी रीत अशी की माडामागे रोख रक्कम व वर काही नारळ. झावळ्या मात्र मालकाच्याच राहतात; त्यांचे विणलेले झाप छपरावर जातात, हीर खराट्यांना आणि देठ चुलीत. दीडदोन महिन्यांनी पुढचे घड पक्व झाले की तोच माणूस परत येतो, आणि मागच्या खेपेस कोणत्या माडाच्या कोंबात कीड दिसली होती हे त्याला आठवत असेल तर घरमालकाला पुढचे वर कोणी जाऊन पाहावे लागत नाही.