डेनो : ओटीवर थांबवणारा राखणदार

संगणकाचा विषय निघाला की कला शाखेच्या विद्यार्थ्याने गप्प बसावे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. वास्तविक संकेतस्थळे घडवण्याच्या विद्येत गणिताइतकाच भाग भाषेचा आणि विश्वासाचा आहे. यांपैकी विश्वासाचा प्रश्न ‘डेनो’ या वयाने लहान असलेल्या व्यवस्थेने फार स्पष्टपणे मांडला आहे. एका नवशिक्याला ती प्रथमदर्शनी कशी वाटली, हे सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केली. तिचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत उभे राहिले. ती ब्राउझरच्या चौकटीत चालत असे आणि तेथे तिच्यावर एक बंधन होते : पान पाहणाऱ्याच्या संगणकातील फायली तिला परस्पर उघडता येत नसत. २००९ मध्ये रायन डाल यांनी ‘नोड’ ही व्यवस्था आणली आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर, थेट सर्व्हरवर चालू लागली. मात्र बाहेर पडताना ते बंधन मागेच राहिले.

नोडमध्ये इतरांनी लिहिलेले तयार भाग घेऊन काम करण्याची पद्धत आहे. एक भाग घेतला की त्याला लागणारे दहा येतात, त्या दहांना लागणारे आणखी येतात, आणि पंगत वाढत जाते. यजमानाला सगळ्यांची नावेही ठाऊक नसतात. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अकरा ओळींचा एक भाग त्याच्या लेखकाने काढून घेतला, तेव्हा जगभरातील कितीतरी प्रकल्पांची कामे अडली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तर ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय भागाच्या आडून बिटकॉइन चोरण्याचा डाव उघडकीस आला. त्या भागाची देखभाल मूळ लेखकाकडून एका अनोळखी माणसाकडे गेली होती.

त्याच वर्षी जूनमध्ये बर्लिन येथील परिषदेत डाल यांनी, नोड घडवताना झालेल्या कोणत्या दहा गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो, हे जाहीरपणे सांगितले आणि डेनोची ओळख करून दिली. ‘नोड’ याच नावातील अक्षरे उलटसुलट करून हे नाव बनले आहे. त्याची पहिली पक्की आवृत्ती मे २०२० मध्ये आली.

प्रथम परिचय

डेनो एकाच फायलीच्या रूपात मिळतो. लिहिलेला मजकूर नीटनेटका करणे, दोष दाखवणे, चाचणी घेणे ही साधने त्याच्या पोटातच असतात. टाइपस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टची अधिक काटेकोर बहीणही तो वेगळ्या तयारीशिवाय चालवतो. परंतु त्याचा खरा विशेष परवानगीत आहे.

आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर घराचे दार दिवसभर उघडे असते. तरीही आलेला माणूस ओटीवर बसतो. त्याला पाणी मिळते, गप्पा होतात. पण धान्याच्या कणगीपर्यंत तो न विचारता जात नाही. डेनो प्रत्येक प्रोग्रॅमला असाच ओटीवर थांबवतो.

समजा, घोलवडच्या एखाद्या बागायतदारासाठी चिकूच्या पेट्यांचा हिशेब दाखवणारे पान करायचे आहे आणि हिशेब एका फायलीत आहे. प्रोग्रॅम सुरू करताच डेनो थांबून विचारतो : ही फाइल वाचू द्यावी काय? होकार मिळाला तर वाचन होते, नकार मिळाला तर होत नाही. तेच पान जाळ्यावर इतरांना दाखवायचे, तर त्याची परवानगी वेगळी. फायलीत नवी नोंद लिहायची, तर तिचीही वेगळी. नोडनेही २०२३ पासून अशी सोय आणली, परंतु ती आपण होऊन चालू करावी लागते. डेनोमध्ये ती आरंभापासूनच चालू असते. ज्याच्या घरी संगणकाबद्दल विचारावे असे कोणी वडीलधारे नाही आणि जो दुसऱ्याच्या यंत्रावर शिकतो, त्याला हा फरक लहान वाटणार नाही. चुकीचा भाग घेतला गेला, तर फायली यंत्राच्या मालकाच्या जातात.

मराठीचे स्थान

आता भाषेकडे वळू. येथील गुणदोष एकट्या डेनोचे नसून मूळ जावास्क्रिप्टचे आहेत. चलाचे नाव ‘एकूण’ असे देवनागरीत देता येते. एखादी संख्या मराठी पद्धतीने दाखवण्यास सांगितले की ती ‘१,२३,४५६’ अशी, लाखाच्या स्वल्पविरामासह उमटते. उलट बागायतदाराने ‘२५’ असे मराठी अंकांत लिहून दिले, तर ‘ही संख्या नाही’ असे उत्तर येते. ‘डहाणू’ शब्दाची लांबी विचारली तर ५ मिळते, कारण ड, ह, काना, ण आणि ऊकार हे सुटे मोजले जातात. तीन अक्षरे मोजायची तर ‘सेगमेंटर’ नावाची निराळी सोय वापरावी लागते. म्हणजे हे यंत्र मराठी बोलते, पण ऐकताना अडखळते.

याहून गंभीर बाब अशी, की डेनो परवानगी मागतो ती इंग्रजीत. न समजलेल्या कागदावर अंगठा उठवण्याचे मोल या भागाला शिकवावे लागत नाही. अशा अंगठ्यांपायी येथे जमिनी गेल्या, लग्नाच्या कर्जापायी माणसे वेठीला लागली आणि १९४५ मध्ये वारल्यांचा लढा उभा राहिला. न वाचता दिलेला होकार हा तसाच अंगठा आहे.

म्हणून नवशिक्याने पाच शब्द तरी आधी शिकावेत. ‘रीड’ म्हणजे फायली वाचणे, ‘राइट’ म्हणजे त्यांत लिहिणे, ‘नेट’ म्हणजे जाळ्यावर जाणे, ‘रन’ म्हणजे दुसरा प्रोग्रॅम चालवणे आणि ‘एन्व्ह’ म्हणजे यंत्रात ठेवलेल्या गुप्त किल्ल्यांसारख्या नोंदी पाहणे. ‘अलाउ-ऑल’ हा सहावा शब्द सर्व दारे एकदम उघडतो. घाईत तोच हाताशी येतो.

डेनोचा राखणदारही सर्वसमर्थ नाही. परवानगी दिली जाते ती संपूर्ण प्रोग्रॅमला. त्याच्यासोबत आलेल्या पंगतीतील प्रत्येकाची तो वेगळी चौकशी करत नाही. ऑक्टोबर २०२४ मधील दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत तर त्याने नोडच्या तयार भागांशी बरेच जुळवून घेतले, त्यामुळे पंगत पुन्हा मोठी होऊ शकते. तरीही आत कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार तो वापरणाऱ्याच्या हाती ठेवतो. तो अधिकार समजून वापरण्याइतकी भाषा आपण शिकली पाहिजे, आणि ती शिकवण्याचे काम संगणकाच्या वर्गाइतकेच आपल्या भाषेच्या वर्गाचेही आहे.