बाहुली मोठी करून पडदा पाहून घे

कोरपना

चि. बाळास,


तुझी आई सांगत होती, साखर निघाल्यापासून तू रात्रीचं जेवण सोडलंस. सकाळी कारल्याचा रस, दुपारी अर्धी भाकर. सात किलो वजन उतरलं म्हणून तू खूश आहेस. मला मात्र काळजी वाटते. तू आधीच काडीसारखा. साखर आटोक्यात नसली की शरीर स्वतःचंच मांस जाळतं, त्यात तू उपाशी राहतोस. काही गोळ्या घेऊन उपास केला तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते, ते वेगळंच.

हडकुळ्याला साखरेचा धोका कमी, हा समज खोटा आहे. आशियातल्या काही अभ्यासांत कमी वजनाच्या मधुमेहींनाच डोळ्याच्या पडद्याचा आजार जास्त आढळला. भात कमी कर, पण भाकरीसोबत घट्ट वरण, अंडं, तरोट्याची नाहीतर मुंगन्याची भाजी पोटभर खा.

आता डोळे. तुला स्वच्छ दिसतं म्हणतोस. तुझ्या आजोबांनाही दिसत होतं. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात तेव्हा दुखत नाही, कळतही नाही. पुढे त्यांनी दोन वर्षांत तीनदा चष्मा बदलला. बाहुली मोठी करून पडदा कुणी पाहिलाच नाही. मग एका डोळ्यात रक्त उतरलं आणि त्यांना शेताचा धुरा दिसेना. लेझरने, इंजेक्शनने उरलेली नजर राखता येते, गेलेली बहुधा परत येत नाही. म्हणून मोठेपणी साखर निघालेल्याने निदान होताच पडदा तपासायचा, मग दरवर्षी.

साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा चांगला आला, यावर विसंबू नकोस. आपल्या घरात सिकलसेल आहे. हा आकडा रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून काढतात आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची फार लवकर मरते, त्यामुळे हा आकडा खोटाच कमी दिसतो. वाहकाचाही काही यंत्रांवर चुकतो. तुझी सिकलची तपासणी झाली नसेल तर करून घे, डॉक्टरांना सांग आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखरही मोजत जा.

सोमवारी रजा टाक. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊ. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसतं, उजेड सोसत नाही, म्हणून मोटारसायकल घरीच ठेव. मी कोरपन्याहून सकाळच्या बसने निघते, तू गडचांदूरला चढ. जेवून ये.

तुझी आत्या