बुरुजांचे चर्च



ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, म्हणून या वेळी जुन्या गोव्यातील जपमाळेच्या मातेच्या चर्चची ओळख आम्ही करून देत आहोत. यात्रेला जाणारे आपले बहुतेक भाविक संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटिकेचे दर्शन घेऊन परततात. मांडवी नदीकाठच्या टेकडीवर उभ्या असलेल्या या चर्चकडे फार थोडे वळतात.

लांबून ते चर्च वाटतच नाही. दर्शनी भागाला गोल बुरूज, जाड भिंती, आणि खिडक्या लहान व पार छताजवळ. आपल्याकडच्या एखाद्या गढीची आठवण व्हावी! भिंतींवर पीळ दिलेल्या जाड दोरासारखी नक्षी फिरवली आहे. तो जहाजाचा दोर. दर्यावर्दी पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्या नावाने ही शैली ओळखली जाते.

चर्चला किल्ल्याचे रूप का द्यावे? मध्ययुगीन युरोपात त्याला व्यवहारी कारण होते. आज रुमानियात असलेल्या प्रेझ्मेर गावी चर्चभोवती सुमारे १२ मीटर उंच तट आहे आणि तटाला आतून २७० च्या आसपास खोल्या लागून आहेत. तुर्कांची स्वारी आली की प्रत्येक कुटुंब धान्यासह आपापल्या खोलीत येई. तो तट भ्यालेल्या शेतकऱ्यांचा होता.

गोव्याची गोष्ट निराळी आहे. येथे बुरूज आहेत, पण गावाला आसरा देणाऱ्या खोल्या नाहीत. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने गोवा जिंकले. ती लढाई त्याने या टेकडीवरून पाहिली असे सांगतात, आणि त्या विजयाच्या स्मरणार्थ १५४० च्या दशकात हे चर्च उभे राहिले. त्या विजयात शहरातील मुस्लिम रहिवाशांची कत्तल झाली. अल्बुकर्कने स्वतःच राजाला तसे लिहून कळवले. मातेच्या नावाच्या चर्चला ही आठवण चिकटलेली आहे, ती झाकून इतिहास सांगणे आम्हाला योग्य वाटत नाही.

पण चर्चची ओळख बांधणाऱ्यांच्या हेतूपाशी संपत नाही. १५४२ मध्ये गोव्यात आलेले संत झेवियर घंटा वाजवत रस्त्याने फिरत, मुलांना व गुलामांना गोळा करत आणि धर्मशिक्षण देत. याच टेकडीवर ते संध्याकाळी शिकवीत, अशी परंपरा आहे. आत गव्हर्नर गार्सिया द सा याची पत्नी कातारिना हिची कबर आहे. कबरीवरचे कोरीव काम गुजराती धाटणीचे आहे. म्हणजे बाहेर पोर्तुगालचा दोर आणि आत भारतीय कारागिराची छिन्नी. आम्हाला विचाराल तर या चर्चमधली सर्वांत सुंदर वस्तू तीच.

आपल्या चर्चभोवती उंच भिंत बांधावी, असे काही कुटुंबे अलीकडे सुचवत आहेत. ढोरे आत शिरतात, हे खरे. त्यासाठी कमरेइतकी भिंत पुरते. डोक्यावरून जाणारी भिंत मात्र कोणाच्या भीतीने बांधायची, हे आधी मोकळेपणाने बोलले पाहिजे. स्तोत्रकर्त्याने परमेश्वरालाच दुर्ग म्हटले आहे, हे खरे; पण नुसत्या स्तोत्रावर ढोरे थांबणार नाहीत, हेही आम्ही जाणतो. पॅरिश कौन्सिलच्या पुढील बैठकीत हा विषय घेत आहोत. ज्यांना उंच भिंत हवी आहे त्यांनीही अवश्य यावे.