कृपावलंबन आणि गुरुशासन

ख्रिस्ती शास्त्रात ‘कृपा’ हा शब्द केवळ दयाभावाचा वाचक नाही. मूळ ग्रीक ग्रंथांतील ‘खारिस’ आणि लॅटिन ग्रंथांतील ‘ग्रातिया’ या दोन्ही शब्दांत मोबदल्यावाचून दिलेल्या दानाचा अर्थ अभिप्रेत आहे. केलेल्या कामाबद्दल मिळते ते वेतन. पात्रता नसताना मिळते ती कृपा. मनुष्याचा उद्धार वेतनरूप नसून दानरूप आहे, असा संत पौलाच्या पत्रांचा सिद्धांत आहे. हा सिद्धांत मान्य केला की साधकापुढे लगेच एक प्रश्न उभा राहतो. सर्व काही देवाच्या कृपेनेच होणार असेल, तर साधकाच्या प्रयत्नाला प्रयोजन काय? आणि गुरूने शिष्याला त्याच्या दोषाबद्दल बोल तरी का लावावा?

हा प्रश्न निव्वळ तर्कातून उद्भवलेला नाही. तो एका मठात प्रत्यक्ष विचारला गेला.

प्रसंग

उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिशिया देशात, हड्रुमेटम नावाचे नगर होते. तेथील ख्रिस्ती मठाचा अधिपती व्हॅलेंटिनस हा होता. त्या मठातील फ्लोरस नावाचा भिक्षू आपल्या मूळ गावी, उझालिस येथे गेला असता त्याला हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याचे कृपेविषयीचे एक जुने पत्र सापडले. त्याने त्याची प्रत करविली आणि ती आपल्या सोबत्याच्या हाती मठात पाठविली. पत्र वाचून काही भिक्षू अस्वस्थ झाले. या मतामुळे मनुष्याची इच्छाशक्तीच नष्ट होते, असे त्यांना वाटले. वाद विकोपास गेला. अखेरीस क्रेस्कोनियस आणि फेलिक्स हे दोन तरुण भिक्षू समाधानासाठी थेट ऑगस्टीनकडे गेले. ही घटना इ. स. ४२६–४२७ च्या सुमाराची. ऑगस्टीन तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. त्याने त्या दोघांना ईस्टरचा सण होईपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेतले आणि मठासाठी ‘कृपा आणि स्वतंत्र इच्छा’ या विषयावर एक ग्रंथ रचून दिला.

पूर्वपक्ष

येथे दोन पूर्वपक्ष आहेत. पहिला पेलाजियसचा. हा ब्रिटनकडून आलेला विरक्त साधक रोम येथे राहून लोकांना कठोर आचाराचा उपदेश करीत असे. आज्ञा पाळण्याचे बळही देवानेच द्यावे, अशा आशयाची ऑगस्टीनची प्रार्थना त्याच्या कानी पडली, तेव्हा तो संतापला, अशी नोंद आहे. त्याचे म्हणणे असे की, देवाने मनुष्याला बुद्धी दिली, इच्छा दिली, नियमशास्त्र दिले आणि ख्रिस्ताचा आदर्शही दिला. हीच कृपा होय. यापुढे जे करावयाचे ते मनुष्याने स्वतः करावे. नाही तर आळशाला कृपेचे निमित्त मिळेल. हे मत ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने अमान्य केले.

दुसरा पूर्वपक्ष मठातूनच आला. ऑगस्टीनचा पहिला ग्रंथ पोहोचल्यानंतर कोणी असे म्हणू लागले की, वरिष्ठांनी आम्हांस काय करावे ते सांगावे, आणि ते आमच्या हातून घडावे म्हणून प्रार्थना करावी. परंतु न घडल्यास आम्हांस बोल लावू नये, कारण जे बळ मिळालेच नाही त्याचा दोष आमच्याकडे कसा?

पहिल्या पक्षात अभिमानाचे बीज आहे, दुसऱ्यात आळसाचे. दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध दिसत असले, तरी दोघांचे गृहीत एकच आहे. ते असे की, कृपा आणि प्रयत्न हे एकाच कामाचे वाटेकरी असून एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटतो.

उत्तरपक्ष

ऑगस्टीनने हे गृहीतच नाकारले. धर्मग्रंथात आज्ञा आहेत, यावरून इच्छाशक्ती सिद्ध होते. दगडाला कोणी आज्ञा करीत नाही. त्याच ग्रंथात प्रार्थना आहेत, यावरून कृपा सिद्ध होते. जे सर्वस्वी आपल्या हाती आहे ते कोणी मागत नाही. याच हेतूने ऑगस्टीनने त्या भिक्षूंसमवेत कार्थेजचा हुतात्मा बिशप सिप्रियन याचा प्रभूच्या प्रार्थनेवरील ग्रंथ वाचला. आम्हांस मोहात पडू देऊ नको, असे जो नित्य विनवितो, त्याने आपले तरून जाणे स्वबळाचे नाही हे मुखाने कबूल केलेलेच असते.

कृपा इच्छेचा लोप करीत नाही, तिला बरे करते. डोळा निरोगी असला तरी प्रकाशावाचून त्याला दिसत नाही, हा दृष्टांत ऑगस्टीननेच अन्यत्र योजिला आहे. पाहतो तो डोळाच. परंतु प्रकाश त्याने निर्माण केलेला नसतो. आणि इच्छा तर रोगी डोळ्यासारखी आहे. तिला प्रकाशही हवा आणि औषधही हवे. म्हणून क्रम असा की, सदिच्छा उत्पन्न होण्यापूर्वी कृपा एकटी कार्य करते आणि सदिच्छा उत्पन्न झाल्यावर तिच्यासह कार्य करते. पौलानेही आपण इतर प्रेषितांहून अधिक श्रम केले असे सांगून, लगेच ते श्रम आपले नव्हेत, आपल्यासवे असलेल्या कृपेचे होत, असे म्हटले. त्याने श्रम नाकारले नाहीत. श्रमांचे स्वामित्व नाकारले.

शासनाविषयीचा आक्षेप फ्लोरस स्वतः भेटीस आल्यानंतर ऑगस्टीनला कळला आणि त्याने ‘शासन आणि कृपा’ हा दुसरा ग्रंथ लिहिला. त्याचा आशय असा : रोग आपला, औषध देवाचे. औषध दुसऱ्याचे आहे म्हणून रोगही दुसऱ्याचा होत नाही. बोल लागला की लाज वाटते, लाजेतून दुःख होते आणि दुःखातून प्रार्थना निघते. अशा रीतीने शासन हेच कृपेचे द्वार होऊ शकते. प्रेषितांनी एकाच शिष्यांना आज्ञा केली, दोष दाखविला आणि त्यांच्यासाठी प्रार्थनाही केली. तिघांपैकी एकही त्यांनी व्यर्थ मानले नाही. कोणता रोगी वाचणार हे ठाऊक नाही म्हणून वैद्य उपचार सोडीत नाही. तसेच कोणाचा उद्धार होणार हे गुरूला ठाऊक नाही. म्हणून त्याने सर्वांस प्रेमाने शासन करावे. जो स्वतःच्या सदाचारालाही मिळालेले दान मानतो, त्याच्या शासनात तिरस्कार उरत नाही.

अवशिष्ट शंका

हे दान एकाला मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, असे का? ऑगस्टीनने हे देवाचे अगम्य न्याय म्हणून सोडून दिले. दक्षिण गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, मठवासीयांचे यावर समाधान झाले नाही. पुढे ५२९ साली ऑरेंज येथील परिषदेने श्रद्धेचा आरंभही कृपेनेच होतो हे मान्य केले. त्याचबरोबर देवाने कोणास पापासाठी नेमले आहे, हे मत निषिद्ध ठरविले. म्हणजे श्रेय सर्व देवाचे, दोष मात्र मनुष्याचा.

निष्कर्ष

तेव्हा कृपेवर अवलंबणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे. कर्मापूर्वी प्रार्थना, कर्मात यत्न, कर्मानंतर कृतज्ञता आणि चुकल्यास दोषाचा स्वीकार, ही त्याची चार अंगे होत. पहिले व तिसरे अंग सुटले की अभिमान शिरतो. दुसरे व चौथे सुटले की आळस शिरतो.

ऑगस्टीनचा अंतकाळ याची साक्ष देतो. इ. स. ४३० मध्ये व्हँडल सैन्याने हिप्पोला वेढा दिला असता तो अंथरुणास खिळला. त्याचा शिष्य व चरित्रकार पोसिडियस सांगतो की, त्याने दाविदाची अनुतापाची स्तोत्रे लिहवून समोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि ती वाचीत तो अश्रू ढाळी. शेवटचे सुमारे दहा दिवस वैद्य व भोजन यांच्या वेळेखेरीज कोणी आत येऊ नये, अशी त्याची आज्ञा होती. तो वेळ त्याने प्रार्थनेत घालविला. सर्व काही कृपेने होते असे आयुष्यभर सांगणाऱ्याने अखेरपर्यंत स्वतःचा दोष कबूल करणे थांबविले नाही. हड्रुमेटमच्या भिक्षूंना दोन ग्रंथांत मिळालेले उत्तर त्या भिंतीवरही लिहिलेले होते.