नाजूक कोठ्याच्या मनुष्यासाठी कोंबडीचे साधे जेवण

याइराची बारा वर्षांची मुलगी उठून चालू लागली, तेव्हा घरातील माणसे विस्मयाने थक्क झाली. परंतु तिला काही खावयास द्यावे, ही आज्ञा प्रभूला करावी लागली. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी ही गोष्ट आहे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे हे जसे मंडळीचे काम आहे, तसेच तो उठल्यावर त्याच्या ताटात काय पडते हे पाहणेही मंडळीचेच काम होय. हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

आमच्या कोल्हापूर प्रांतात पाहुण्याचा मान तांबड्या रश्श्यावरून मोजला जातो. आमच्या पाहण्यात असे आले की, एक उपदेशक बंधू विषमज्वरातून उठून गावी परतले, तेव्हा मंडळीने मोठ्या प्रीतीने कोंबडी कापिली व झणझणीत रस्सा वाढिला. नको म्हटले तर यजमानांचे मन दुखावेल, म्हणून ते मुकाट्याने जेवले. रात्रभर पोटातील आगीने ते तळमळले, आणि सकाळी त्यांना उपासनेस उभे राहवेना. मंडळीची प्रीती खरी होती. तिला ज्ञानाची जोड मात्र नव्हती.

मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडले, आणि तेव्हापासून किती तरी रोगी तेथून बरे होऊन खेडोपाडी परतले. रुग्णालयात पथ्य सांभाळणारे असतात. घरी आल्यावर तो भार चुलीपाशी बसणाऱ्या बहिणीवर येतो. तिने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. मिरचीतील तिखट द्रव्य दुखऱ्या पोटास झोंबते. आणि तेल व चरबी यांमुळे अन्न जठरात अधिक वेळ राहून जडपणा व जळजळ वाढते. म्हणून पांढरा रस्सा पांढरा दिसतो एवढ्यावरून फसू नये. त्यात नारळाचे दूध, खसखस, काजू व मिरे असतात, आणि अशक्त कोठ्यास तो जडच पडतो. मसाला घालण्यापूर्वी लेकरांसाठी अळणी पाणी काढून ठेवण्याची आमच्याकडील जी जुनी रीत आहे, तिच्यातच खरे शहाणपण आहे. पुढील कृती तिचीच बहीण होय.

कोवळी तलंग घ्यावी; साफ केल्यावर तिचे मांस सुमारे १ किलो भरावे. कातडे व दिसेल ती चरबी काढून ८ तुकडे करावे. त्यांस दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, पेरभर आल्याचा रस व १ चमचा तेल चोळून अर्धा तास ठेवावे. कांदा, लसूण व लिंबू पुष्कळांच्या पोटास बाधतात, म्हणून ते घालू नयेत. कच्च्या मांसास लागलेले हात, विळी व पाट साबणाने धुवावे.

जाड बुडाच्या पातेल्यात दुधी, गाजर व बटाटा यांच्या फोडी पसरून वर मांस रचावे व अर्धी वाटी पाणी घालावे. तोंडावर लोखंडी तवा ठेवून कडा कणकेने लिंपाव्या. खाली थोडे व तव्यावर अधिक निखारे ठेवावे, म्हणजे दोन्ही बाजूंनी ऊब लागून मांस आपल्याच रसात भाजते. हे काम अंगणात किंवा मोकळ्या ओसरीवर करावे. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठून प्राणावर बेतते. तलंगेस सुमारे १ तास लागतो, जून कोंबडीस दीड तास किंवा अधिक. ज्यांच्या घरी विजेची भट्टी आहे, त्यांनी झाकलेले भांडे १८० अंशांवर पाऊण ते एक तास ठेवावे. जाड तुकड्यास टोचल्यावर रस स्वच्छ निघाला व हाडाजवळ तांबूसपणा राहिला नाही, म्हणजे शिजले असे समजावे.

गुरगुट्या भातावर पातेल्यातील रस घालून दोन लहान तुकडे व थोडी भाजी वाढावी. जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास व्हावे. उरलेले अन्न दोन तासांहून अधिक उघड्यावर ठेवू नये. ओकारी थांबत नसेल, शौचातून रक्त जात असेल, किंवा अंग उतरत चालले असेल, तर पथ्यावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे.

यासाठी दुसरी कोंबडी कापावी लागत नाही. चार तुकडे भाजावे, उरलेल्या चारांचा रस्सा इतरांसाठी करावा, आणि आजाऱ्यास सर्वांच्या पंगतीतच बसवावे; वेगळ्या कोपऱ्यात वेगळे ताट देऊ नये. आपण घरास ओझे झालो, असे त्याला वाटू नये.

थकून झुडपाखाली निजलेल्या एलीयाला देवदूताने प्रथम उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी त्याच्या उशाशी ठेविले. तो थोडे खाऊन पुन्हा निजला, तरी दूताने त्याला दोष दिला नाही. पुन्हा उठवून जेवू घातले, कारण वाट लांबची होती. बंधुभगिनींनो, तुमच्या गावात अशी लांबची वाट चालणारा कोण आहे, हे या आठवड्यात शोधा, आणि कोठ्यास काय सोसते हे त्यालाच विचारून मग चूल पेटवा.